बाळाच्या वाटीतला हिरवा पाला : कोल्हापूरच्या आयांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या कोल्हापुरात भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीची पेंडी पडल्याशिवाय बाजार पुरा होत नाही. घरात सहा महिन्यांचं बाळ असलं की त्याच पेंडीकडं बघून प्रश्न सुरू होतात: ह्याला चालेल का, किती, कच्चं की शिजवून? बाळांच्या आहाराबद्दल आयांशी बोलणं हे माझं काम, त्यामुळं हे प्रश्न माझ्या रोजच्या ऐकण्यातले. इथं पाला म्हणजे वासाची ताजी पानं: कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, तुळस, शेपू, मेथी वगैरे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. बाळाच्या जेवणात हा पाला वासासाठी आणि चवीसाठी येतो. तो औषध म्हणून द्यायला लागलं की पानाचं वाटण होतं, वाटणाचा रस होतो, रसाचा चमचा होतो, आणि गडबड तिथंच सुरू होते.

कितव्या महिन्यापासून सुरू करायचं?

सहा महिने, म्हणजे १८० दिवस, पूर्ण झाल्यावर. तोवर फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नको. सहा महिने भरले तरी मान नीट धरतं का, आधारानं बसतं का, चमचा तोंडात गेल्यावर जिभेनं बाहेर ढकलत नाही ना, हे बघा.

उष्टावणाचा प्रश्न हमखास येतो. मुलाचं सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात अशी रीत असलेल्या घरात मुलीसाठी पाचव्या महिन्याचा आग्रह धरला जातो. तिथं वाद घालत बसू नका. सहा महिने भरले की सातवा लागतो, आणि सातही विषमच. सासूबाईंचा शब्द राहतो, बाळाचं पोटही राहतं.

पाला मात्र उष्टावणाच्या दिवशी नको. पहिले दोनेक आठवडे भाताची पेज, मुगाचं वरण, शिजवून कुस्करलेला भोपळा, गाजर असं साधं चालू द्या. ही माझी पद्धत आहे, कुठला कायदा नाही. पण साध्या जेवणाला बाळ कसं वागतं हे एकदा कळलं की पुढं काही बिघडलं तर कारण शोधणं सोपं जातं.

पहिला पाला कुठला द्यावा?

कोथिंबीर. वास ओळखीचा, पान कोवळं, शिजायला दोन मिनिटं. मुगाचं वरण मऊ शिजलं की त्यात चार-पाच पानं, फक्त पानं, देठ नाही, अगदी बारीक चिरून टाका. दोन मिनिटं उकळी येऊ द्या. मग चमच्यानं घोटून, हवं तर गाळणीतून घासून घ्या. मीठ नको, साखर-गूळ नको. वरून थेंबभर तूप.

भात आजरा घनसाळचा असेल तर पहिले काही दिवस त्यात कोथिंबीर घालूच नका, असं मी म्हणते. भौगोलिक मानांकन मिळालेला हा आपल्याच जिल्ह्यातला तांदूळ शिजताना घरभर वास सुटतो. बाळाला एका वेळी एकच वास पुरे.

मी दूध पाजते. माझ्या खाण्यातून त्याला चव कळते का?

कळते. लसणाचा वास आईच्या दुधात उतरतो हे तपासून पाहिलेलं आहे. तुम्ही बाळंतपणात शेपूची भाजी, लसणाची फोडणी खाल्ली असेल तर बाळाला ते वास अगदी नवे नाहीत. त्यामुळं बाळंतिणीला फक्त फिकं वरण-भात घालत बसणाऱ्या घरांबद्दल माझी तक्रार आहे. तिला चवीचं खाऊ द्या, बाळाचीही तयारी होते.

एका वेळी किती?

चिमूटभर. बाकीचं गणित जेवणाचं आहे. सहा ते आठ महिन्यांत एका वेळी दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांत २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. या प्रमाणात पाला चिमटीनंच मोजायचा. वरण हिरवं दिसायला लागलं तर जास्त झालं असं समजा.

कच्चा पाला चालेल का? चटणी वाटून?

वर्षाच्या आत नको. पानांवर माती, खत, कधी कुणाच्या हातचे जंतू असतात, आणि सगळेच धुऊन जातात असं नाही. उकळी आली की ते मरतात. वर्षानंतर नीट धुतलेली कोथिंबीर बारीक चिरून वरणावर भुरभुरायला हरकत नाही.

धुवायचं कसं? पावसाळ्यात तर पेंडी चिखलानं भरलेली असते.

पेंडी सोडवून आधी नासकी, पिवळी पानं आणि तण काढा. कोथिंबिरीत बारीक गवत हमखास निघतं. मग मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं बुडवा, हलवा, आणि पानं हातानं वर उचलून घ्या. पातेलं उपडं करून गाळू नका, तळाची माती परत पानांवर येते. पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत हे करा, शेवटी वाहत्या पाण्याखाली धरा. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड वापरणारे लोक मी पाहिलेत. ते पानात मुरतं. नको.

दुसरा मुद्दा पुराचा. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते आपण पाहिलं. ज्या शेतात किंवा परसात पुराचं पाणी शिरलं, तिथला पाला त्या हंगामात बाळाला देऊ नका. पुराच्या पाण्यात गटारं, उकिरडे, गोठे सगळंच मिसळलेलं असतं. पाल्याशिवाय महिना-दोन महिने गेले तर बाळाचं काही अडत नाही.

मग कुठला पाला चालतो आणि कुठला नाही?

कोथिंबिरीनंतर कढीपत्ता. तूप-जिऱ्याच्या फोडणीत त्याचा वास उतरला की पान काढून टाकायचं, वरणात सोडायचं नाही. हे मी अनुभवानं सांगते. माझ्या थोरल्याला नवव्या महिन्यात वरण भरवताना एक अर्धं पान राहून गेलं आणि टाळूला चिकटलं. मूल ओकाऱ्या काढतंय, आणि मी हातात वाटी धरून नुसती उभी. पान निघालं, पण त्या दिवसापासून फोडणी वेगळ्या पळीत करून गाळून घालते.

मेथी आणि शेपू भाजी म्हणून, मुगाच्या डाळीत पुरते शिजवून, सात-आठ महिन्यांनंतर. मेथी कडू म्हणून बाळ तोंड फिरवील, फिरवू दे. लसणाची पाकळी वरणात शिजवून कुस्करली तर चालते, कच्चा लसूण नको. आल्याचा एखादा तुकडा शिजताना टाकून नंतर काढून घ्या.

ओव्याचं पान, म्हणजे कुंडीतलं ते जाड, लवदार पान, वर्षानंतर आणि तेही जपून, कारण त्याचा अर्क बराच तिखट असतो. गवती चहा उकळून पाजू नका. बाळाला चहा कशाचाच नको. बडीशेपेचं पाणीही त्यातच आलं. बडीशेपेत एस्ट्रॅगोल नावाचा घटक असतो, आणि युरोपच्या औषध नियामक संस्थेनं ४ वर्षांखालच्या मुलांना बडीशेपेचा चहा देऊ नये असं सांगितलं आहे. भाजीत चिमूटभर बडीशेप पूड आणि रोज वाटीभर बडीशेपेचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ओळख पटल्याशिवाय कुठलंही पान नको. परसात उगवलेलं, कुणी “हे पोटाला चांगलं” म्हणून आणून दिलेलं, अजिबात नको. धोतऱ्यासारखं विषारी झाड आपल्या बांधावर सहज उगवतं.

कुंडीत लावलेला पाला जास्त सुरक्षित का?

बहुधा, पण कुंडीत काय घातलं यावर आहे. धने रगडून पेरायचे ते स्वयंपाकघरातले घ्या. बियाण्याच्या पुडीतले धने औषध लावलेले असू शकतात, त्यामुळं पुडी वाचा. कच्चं शेणखत घातलं असेल तर पानं चांगली धुवून, शिजवूनच. गच्चीवर शेजारच्या कुंड्यांवर फवारणी होत असेल तर तुमच्या कुंडीवरही थोडी होतेच.

बाळगुटी देतो आम्ही. तीही मुळ्या-पानांचीच ना?

हा प्रश्न विचारताना बहुतेक आया आवाज खाली आणतात, कारण आजी शेजारच्या खोलीत असते. म्हणून सविस्तर सांगते.

गुटीमध्ये घराघराप्रमाणं हळकुंड, वेखंड, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, अतिविष, खारीक, बदाम अशा वस्तू असतात. सहाणेवर दूध किंवा पाणी घालून प्रत्येकाचा एकेक वेढा उगाळायचा आणि चाटवायचं. ज्या काळात दवाखाना दहा कोसांवर होता त्या काळातल्या बायकांची ही शोधाशोध होती, तिची चेष्टा मी करणार नाही. पण अडचणी खऱ्या आहेत.

पहिली, वेढा हे माप नव्हे. आजीचा हलका हात आणि आत्याबाईंचा जड हात यांत दुपटीचा फरक पडतो. दुसरी, जायफळ जास्त झालं तर गुंगी येते. बाळ “छान झोपलं” म्हणून घर खूश असतं, पण ती झोप नसते. तिसरी, वेखंड. त्यात बीटा-असारोन नावाचा घटक असतो, जनावरांवरच्या प्रयोगांत तो घातक ठरलेला आहे. वेखंड पोटात गेल्यावर तान्ह्या बाळांना उलट्या झालेल्याही डॉक्टरांच्या पाहण्यात आल्यात. चौथी अडचण सगळ्यात साधी: ओलसर सहाण, तीच पुरचुंडीतली महिनोन् महिने उगाळलेली खारीक, तिच्यावरची बुरशी. आणि गुटी सुरू होते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, म्हणजे बाळाला दुधाशिवाय काहीच नको त्या काळात.

माझा सल्ला: सहा महिन्यांच्या आत नाही. नंतरही द्यायचीच असेल तर आधी बाळाच्या डॉक्टरांना काय-काय उगाळता त्याची यादी दाखवा. आजीला दुखवायचं नसेल तर सहाणेवर फक्त बदाम-खारीक उगाळून सहा महिन्यांनंतर वरणात घाला. सहाण दर वेळी उकळत्या पाण्यानं धुऊन वाळवा. आजीचा हातही लागतो, बाळालाही त्रास नाही.

हळद?

वरणात चिमूटभर चालते. सुटी, डोळ्यांत भरेल इतकी पिवळीधमक पूड घेऊ नका. रंगासाठी हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळण्याचे प्रकार होतात, आणि शिसं बाळाच्या मेंदूला इजा करतं. हळदीची पेठ असलेली सांगली शेजारीच आहे. हळकुंडं आणा, दळून घ्या.

सर्दीला तुळशीचा रस मधातून देतात. चालेल ना?

मध एक वर्षापर्यंत नाही. चाटवायलाही नाही, जन्मल्याबरोबर सोन्याच्या अंगठीनं जिभेवर लावायलाही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी घट्ट होते, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढायचा जोर जातो, अंग ढिलं पडतं. मध घरच्या पोळ्यातला असो की दुकानातला, बीजाणू उकळूनही जात नाहीत.

तुळशीचं एखादं पान पेजेत शिजवून काढून टाकलं तर वासापुरतं ठीक. तुळशीचा वाटून काढलेला रस सर्दीवर औषध म्हणून देऊ नका. बाळाचा श्वास जोरात चालत असेल, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जात असतील, तर थेट दवाखाना.

पुदिना पोटदुखीला देतात, आणि नाकाला पुदिन्याचा अर्क लावतात.

यातलं पहिलं आणि दुसरं वेगळं करा. आठ-नऊ महिन्यांनंतर पुदिन्याची दोन पानं भाजीत शिजवणं ठीक आहे. मेंथॉलचा अर्क, पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉलचे खडे), कापूर किंवा निलगिरीचं तेल मात्र बाळाच्या नाकाला, ओठांना, उशीला लावू नका. मेंथॉलच्या झोतानं तान्ह्या बाळाचा श्वास एकदम आखडू शकतो. कापूर पोटात गेला तर झटके येतात, थोडासाही. कपाटातल्या डांबरगोळ्या आणि देवघरातला कापूर बाळ रांगायला लागण्याआधी वर ठेवा.

पालकाची पेस्ट करून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवते. चालतं?

नको. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर यांत नायट्रेट मुळातच असतं. शिजवलेला पाला ठेवला की जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. ते रक्तात गेलं की हिमोग्लोबिनला प्राणवायू नीट वाहता येत नाही आणि बाळाचे ओठ निळसर पडतात. धोका सगळ्यात जास्त तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळांना, त्यांना तर वरचं काहीच द्यायचं नसतं. तरीही सहा महिन्यांनंतर पाला त्या वेळेपुरताच शिजवा, लगेच भरवा, उरलेलं मोठ्यांच्या आमटीत. चमचा लागलेली उष्टी वाटी तर पुन्हा भरवायचीच नाही.

पाल्यातून लोह मिळतं ना? हिमोग्लोबिन कमी आहे म्हणालेत.

चिमूटभर कोथिंबिरीतून नाही. पाल्यातलं लोह शोषलंही कमी जातं. जेवणात लिंबाचे दोन थेंब टाकले तर थोडं वाढतं. सरकारी कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिली, मिळतं. त्यात २० मिलीग्रॅम लोह असतं. आशाताईंना विचारा. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील.

घरात मटण होत असेल तर काम सोपं. कोल्हापुरात मुलांसाठी अळणी, म्हणजे बिनतिखटाचं मटण आणि त्याचं पाणी, वेगळं काढतातच, फक्त बाळाचं मीठ घालायच्या आधी काढा. आणि नुसतं पाणी पाजू नका, लोह मटणात आहे. पुरता शिजलेला खिमा वाटून, भातात कालवून, वर शिजवलेली कोथिंबीर. सहा महिन्यांनंतर हे चालतं.

ॲलर्जी झाली हे कसं ओळखायचं?

पाल्याची ॲलर्जी क्वचित होते. नवा पाला सकाळच्या जेवणात द्या, म्हणजे दिवसभर बाळ डोळ्यांसमोर राहतं, आणि पुढचे तीन दिवस दुसरं नवं काही देऊ नका. हनुवटीला वरण लागून आलेली लाली पुसल्यावर तासाभरात जाते, ती ॲलर्जी नसते बहुधा. अंगावर गांधी उठणं, ओठ-पापण्या सुजणं, लागोपाठ उलट्या ही ॲलर्जी. श्वासाला घरघर लागली किंवा बाळ मलूल पडलं तर १०८ ला फोन करा, घरी काही देत बसू नका.

कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू ही एकाच कुळातली आहेत. एकाचा त्रास झाला तर बाकीची डॉक्टरांना विचारूनच.

शी हिरवी झाली.

पाला हिरवा आहे. बाळ खेळतंय, दूध पितंय तर सोडून द्या. रक्त किंवा शेंबडासारखा चिकटपणा दिसला तर दाखवा.

पान घशात अडकलं तर?

बाळ मोठ्यानं खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, पान आणखी आत जातं. आवाजच निघत नसेल तर मांडीवर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा द्या. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, एका तळहाताच्या टाचेनं पाच वेळा दाबा. आळीपाळीनं हेच चालू ठेवा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

घरातली चटणी कधी द्यायची?

चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण मसाल्याची, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते. वर्षाच्या आत नाही. तिखटापेक्षा तिच्यातल्या मिठाची काळजी आहे. दीड-दोन वर्षांचं मूल स्वतःच ताटात बोट बुडवून चाखतं, तोंड लाल करून घेतं आणि परत बोट बुडवतं. तेव्हा आमटी पातळ करून, तूप घालून द्यायला लागा.

कोथिंबीर घातली की थुंकतोच. सोडून देऊ?

आठवडाभर सोडा, मग अर्ध्या चिमटीनं परत. नवी चव आठ-दहा वेळा जिभेवर गेल्याशिवाय बरीच मुलं ती घेत नाहीत. मधल्या काळात तुम्ही त्याच्यासमोर खा. काही माणसांना जन्मतःच कोथिंबीर साबणासारखी लागते. घरात तसं कुणी असेल, आणि बाळानंही दहा वेळा तोंड वाकडं केलं, तर कढीपत्त्याच्या फोडणीवर काम भागवा.